होडीचा शेवटचा टवका

"शेजारच्या पोरीला बोलवा. ती 'मग' म्हणत न्हाई."

भिंतीपलीकडून काकूंचा आवाज आला आणि हे आपल्याबद्दल चाललंय, हे कळायला मला जरा वेळ लागला. कौतुक होतं की तक्रार, ते अजूनही कळलेलं नाही.

आमचे शेजारी मंडपवाले काका म्हणजे घाटनांदुरातले एकमेव होडीमालक, आणि बहुधा साऱ्या जगातले एकमेव असे, ज्यांनी आपली होडी कधी पाण्यात उतरवली नाही. ती त्यांनी लग्नांसाठी घेतली होती. धूर सोडायचा, गाणं लावायचं आणि नवरा-नवरीला होडीत बसवून, खाली चाकं लावून, खडीवरून ओढत स्टेजपर्यंत आणायचं. सिरसाळ्यापासून चौसाळ्यापर्यंत कितीतरी जोडपी या कोरड्या समुद्रातून संसाराला लागली. आता नवऱ्या स्वतः ट्रॅक्टर चालवत मंडपात येतात, त्यामुळे होडी काकांच्या अंगणात लिंबाखाली पडून असते. काकांना मात्र एक गिऱ्हाईक खात्रीचं वाटायचं. "बेटा, तुझ्या लग्नात तुला ह्यातूनच आणणार. वर फुलं टाकणार," ते मला दर भेटीत सांगायचे. दुकानात दोन माणसं जास्त दिसली तरी मी परत फिरते. सगळ्या गावासमोर धुरातून होडीत बसून जायचं, या विचाराने मला झोप लागायची नाही.

म्हणून माजलगावच्या धरणावर होड्या चालवणारा एक माणूस ती विकत घ्यायला तयार झाला, तेव्हा काकूंच्या खालोखाल आनंद मलाच झाला. त्याची अट एकच होती. होडीच्या फायबरवर जेलकोट नावाचा चकचकीत थर असतो. त्याचे जागोजागी उडालेले टवके भरून द्यायचे, नाहीतर पाणी आत मुरतं. "भरतो की, त्यात काय लई अवघड हाय?" काका म्हणाले, आणि दुसऱ्या कुणाचा हात होडीला लागू द्यायचा नाही असं ठरवून टाकलं.

काम खरंच अवघड नव्हतं. जेवणावळीतून उरलेल्या कागदी द्रोणात जेलकोट काढायचा, तो घट्ट करणाऱ्या हार्डनरचे थेंब घालून ढवळायचा, पत्र्याच्या तुकड्याने टवक्यात भरायचा, वर चिकटपट्टी लावायची, वाळला की घासायचा. पण आमच्या उन्हाळ्यात तो भलताच लवकर घट्ट होतो, आणि काकांच्या प्रत्येक टवक्यामागे एक लग्न आहे. ढवळता ढवळता ते म्हणत, "हा कुठला हाय म्हाईत हाय का?" जवळ असलेलं कुणीतरी सवयीने म्हणे, "मग?" आणि वरात निघायच्या आत द्रोणातला जेलकोट दगड होई. काकूंनी त्या पांढऱ्या इडल्या फ्रिजखाली, कपाटाखाली, रांजणाखाली टेकू म्हणून सरकवल्या होत्या. घर हळूहळू वर चाललं होतं.

काकांच्या मते दोष हार्डनरचा होता. डब्यावरचं इंग्रजी त्यांनी मला वाचायला लावलं. शब्द सगळे ओळखीचे होते, अर्थ एकाचाही लागेना. "रोज बसनं इंग्रजी शाळंला गेलती कामून मंग?" काका म्हणाले. मी डबा पुन्हा पहिल्यापासून वाचला.

तरीही माझा उपयोग झाला. मी द्रोण धरून उभी राहायची. काका म्हणायचे, "ह्या टवक्याची गंमत सांगतो," आणि थांबायचे. मी होडीकडे बघायची. मग नाइलाजाने ते टवका भरायचे. तरी मला काही गोष्टींचा उलगडा होत नसे. जुनी होडी सायीसारखी पिवळसर, नवीन भराव टूथपेस्टसारखा पांढरा. "भरलेलं दिसतंय का गं?" ते विचारायचे. मी हो म्हणून मान हलवली तरी खूश, नाही म्हणून हलवली तरी खूश. एकदा मागच्या बाजूला मला न आठवणारा टवका निघाला. "जुनाच हाय. तू बघितला न्हाईस," काका म्हणाले. मी बघितलं होतं. मी सगळं बघते, बोलत नाही इतकंच.

शेवटी होडीच्या पुढच्या नाकाडावरचा एकच टवका उरला. त्या दिवशी धरणावरचा माणूस टेम्पो घेऊनच आला होता आणि बाजेवर बसून चहा पीत होता. या टवक्याची अर्धी गोष्ट मला भिंतीपलीकडून पाठ झाली होती. चौसाळ्याच्या लग्नात लाइट गेली, होडी कमानीत अडकली, नवरदेव ढकलायला खाली उतरला, नवरी आत एकटीच. इथपर्यंत आलं की दर वेळी द्रोण वाळायचा. त्या नवरीचं पुढे काय झालं, ते गल्लीत कुणालाच माहीत नव्हतं.

काकांनी जेलकोट ढवळला. आज त्यांनी गंमत सांगतो म्हटलं नाही. "हा भरला की झालं," एवढंच म्हणाले. पत्रा टवक्यापाशी नेला आणि तिथेच धरून राहिले. हात खाली येईना. मग होडीच्या नाकाडावर दुसरा हात ठेवून, कुणालाच न सांगितल्यासारखं म्हणाले, "इथंच अडकली होती. लाइट गेलती. नवरी आत एकटीच."

आणि थांबले. माझ्याकडे बघितलं.

द्रोणाच्या कडेला जेलकोट दाट व्हायला लागला होता. बाजेजवळून काकूही माझ्याकडेच बघत होत्या, बशी हातात तशीच. मी फक्त आणखी थोडा वेळ गप्प राहायचं होतं. ते तर मला जन्मापासून येतं. टवका भरला असता, होडी घेऊन टेम्पो गेला असता, आणि त्या धुरातून मला कुणी कधी आणलं नसतं.

"मग, काका?" मी म्हणाले.