धूर कुठं वळतो

मुकुंद गेल्याचा फोन वालचंदनगरला आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये आला, तेव्हा मी दाढी करत होतो. निरोप ऐकला, परत आलो आणि उरलेली दाढी पुरी केली. अशा वेळी माणूस काय करेल याचा नेम नसतो. आता महिना उलटलाय, म्हणून लिहायला बसलोय.

तो लोणी भापकरचा, इमारतींचा इंजिनीअर. मी थंड करणाऱ्या यंत्रांचा. या नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला लोणी देवकरजवळ द्राक्ष बागायतदारांनी मिळून कोल्ड स्टोरेज बांधलं, तिथं आमची गाठ पडली. बांधकामाआधीच मुकुंद अख्खी इमारत कॉम्प्युटरमध्ये उभी करायचा. भिंतींची जाडी, छप्पर, दारं, पंखे, सगळं भरलं की कुठल्या कोपऱ्यात किती गारवा राहील ते पडद्यावर दिसायचं. मग खऱ्या इमारतीत थर्मामीटर टांगून दोन्हींचा मेळ घ्यायचा. मेळ बसला तरच ताबा द्यायला त्याची सही. तो कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळून, जीपमध्ये मांडीवर घेऊन यायचा... तान्ह्या बाळाला घरी आणावं तसा!

उद्घाटनाच्या पत्रिका वाटून झाल्या आणि मागचा एक कोपरा मेळ खाईना. पडद्यावर गार, प्रत्यक्षात कोमट. यंत्रं माझी, त्यामुळे मी थर्मामीटरवर खापर फोडलं. मुकुंदनं खिशातून उदबत्तीचा पुडा काढला, एक पेटवली आणि भिंतीकडेनं चालू लागला. सोसायटीचे चेअरमन तात्या दारात होते. त्यांनी वहाणा काढल्या, हात जोडले.

"सायब, नारळ आणू का?"

"आणा तात्या, पर दार लावून घ्या. वारं येतंय."

सगळीकडे वळणारा धूर त्या कोपऱ्यात सरळ उभा राहिला. मुकुंदनं वर पाहिलं. छताखाली एक तुळई होती. बांधताना कुणीतरी वाढवलेली. मुकुंदच्या कॉम्प्युटरमधल्या इमारतीत ती नव्हतीच. पंख्याचा वारा तिला थडकून मागं फिरत होता. त्यानं तुळई कॉम्प्युटरमध्ये घातली, तर पडद्यावरही तोच कोपरा कोमट झाला. पंखे खाली घ्यावे लागणार, म्हणजे उद्घाटन लांबणीवर, आणि तात्यांची बाग तर तोडणीला आलेली.

"सही करा, सायब. एका कोपऱ्यानं काय हुतंय? माल झाडावर थांबत न्हाय."

"करतो. पर त्या कोपऱ्यात तुमचाच माल ठेवायचा. चालंल?"

तात्यांनी त्या कोपऱ्याकडे पाहिलं. "न्हाय," म्हणाले आणि वहाणा घालून निघून गेले. त्या वर्षी त्यांची द्राक्षं मिळेल त्या भावानं गेली. मुकुंदशी ते वर्षभर बोलले नाहीत. त्याचं त्याला वाईट वाटायचं, पण सहीबद्दल कधीच नाही. पुढच्या हंगामात त्यांचा सगळा माल त्याच कोपऱ्यात राहिला, आणि उत्तम राहिला.

परवा बारामतीला त्याच्या घरी, त्याच्या बायकोला, सुमनवहिनींना भेटायला गेलो. आतल्या खोलीत फोटोपुढं उदबत्ती जळत होती. तात्याही आले होते, पुन्हा तसेच, वहाणा काढून. आम्ही दोघंही धुराकडेच बघत होतो. धूर सरळ वर जात होता... बोलावं की नाही कळेना.

शेवटी तात्याच म्हणाले, "वैनी, हितं वारं लागत न्हाय."

सुमनवहिनी उठल्या, फोटो भिंतीवरून काढला आणि बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी नेऊन ठेवला. उदबत्ती तात्यांनी नेली.

धूर वळला. आता त्यानं सही केली असती.