गाडी तेवढी पोचली

बोलता बोलता त्याचा हात मागच्या खिशाकडे गेला की आम्ही ओळखायचो, आता मापाची टेप निघणार. "थांब, मोजून सांगतो. एकदा माप बसलं की काम झालं!" हे त्याचं पालुपद. आमच्याकडे जेवायला आला तर माझा कुकरसुद्धा मोजायचा. असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. स्वभावाने लाख, पण एकदा डोक्यात काही शिरलं की आजूबाजूचं दिसायचं बंद.

याच्या डोक्यात युरोप शिरला होता. सिडनीत क्वेकर्स हिलला तो आमच्या समोरच राहायचा. जुनी व्हॅन घेऊन त्याने तिचं छप्पर कापून उंच केलं. आत पलंग, शेगडी, मसाल्यांचे कप्पे, अगदी इवलंसं देवघरही बसवलं. पलंगाच्या मापासाठी मेधाला, म्हणजे बायकोला, गॅरेजच्या फरशीवर आडवं व्हायला लावलं. "जरा पाय जवळ घे ना," हा म्हणाला. "पायच काप माझे, म्हणजे प्रश्न मिटेल," ती म्हणाली. आम्ही पोट धरधरून हसलो.

व्हॅन बोटीने पुढे पाठवायची आणि हे दोघं मागून विमानाने जाणार, असा बेत होता. मी विचारलं, "तिकडे रस्त्याच्या उजवीकडून चालवतात आणि तुझं स्टिअरिंगही उजवीकडे. ओव्हरटेक करताना समोरचं दिसणार कसं?"

"मेधा असेल ना डावीकडे! ती सांगेल."

पण मेधाला त्याआधी पुण्याला जायचं होतं. वडील थकले होते, फोनवर त्यांचा आवाज बारीक झाला होता. याने हिशेब मांडला. दोघांची सुट्टी मोजकी, ती युरोपला लागणार. "येताना पुण्यात उतरू, चांगले आठ दिवस राहू. प्रॉमिस." ती गप्प बसली. तिचं गप्प बसणं याला होकारासारखं वाटलं, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही.

फेब्रुवारीत आम्ही सगळ्यांनी व्हॅनची पूजा केली. चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला, पेढे वाटले. व्हॅन बोटीवर चढली. आणि मार्चमध्ये कोरोनामुळे देशाची दारं बंद झाली.

आमच्या ग्रुपवर मेसेजचा पाऊस पडला. 'गाडी युरोपात, मालक क्वेकर्स हिलला.' सुरुवातीला तोही हसला. "काय करणार, मेट! गाडी तेवढी पोचली!" पण पुढे त्याचं उत्तर येईनासं झालं. दूध आणायलासुद्धा तो दुसऱ्या सबर्बला जाऊ लागला.

त्या हिवाळ्यात मेधाचे वडील हृदयविकाराने आजारी पडले. तिने देशाबाहेर जायची सरकारी परवानगी मागितली. ती मिळेपर्यंत सगळं संपलं होतं. अंत्यसंस्कार तिने फोनवर पाहिले.

दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, शेजारच्यांनी पिठलं-भात न्यायचा, ही रीत आम्ही इकडेही पाळतो. पण कोरोनाच्या दिवसांत आत जाणार कशी? मी डबा पायरीवर ठेवला आणि मागे सरकले. दार याने उघडलं. डबा उचलला, पण आत जाईना.

"तिला बाबांकडे जायचं होतं गं," तो खाली बघत म्हणाला. "मी सुट्टी वाचवत होतो."

"तुझा काय दोष? हे कुणाला माहीत होतं?" म्हणाले खरी, पण ते शब्द मलाच पोकळ वाटले. माणूस शरमेने लहान होतो असं आपण सहज म्हणतो. मी त्या दिवशी तो होताना पाहिला.

व्हॅन त्याने तिकडच्या तिकडेच कुणाला तरी विकून टाकली. सीमा उघडल्यावर दोघं पुण्याला गेली. तिथे काय झालं ते मेधाने मला आल्यावर सांगितलं. तिची आई कौतुकाने जावयाला म्हणाली, "घरी नर्स यायची, तिला हे सांगायचे, लेक-जावई स्वतःच्या गाडीने युरोप फिरतायत, म्हणून येता येत नाही." ही दोघं सिडनीतच अडकलीयत हे मेधाच्या बाबांना ठाऊक होतं, तरी ते असं सांगायचे. हा ताटावरून उठला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. मेधा पाठोपाठ गेली, तर म्हणाला, "बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं."

"मग तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"काही नाही. उभी राहिले शेजारी. राग होता गं माझा, अजून आहे. पण त्याला एकटं कसं सोडणार?"

पुढच्या वर्षी मेधाला ॲडलेडला मॉसन लेक्स भागातल्या युनिव्हर्सिटीत नोकरी लागली. इतक्या वर्षांची आपली नोकरी सोडून हाही निघाला. निरोप द्यायला मी सकाळी गेले, तर लांबचा रस्ता असूनही मेधा स्टिअरिंगवर होती आणि तो शेजारी, मांडीवर डब्यांची पिशवी धरून.

"अरे, तू नाही चालवणार?"

"नाही," तो म्हणाला. "आता तिला जायचं असेल तिकडे जायचं."

मेधाने त्याच्याकडे पाहिलं नाही. हात पुढे करून फक्त त्याचा पट्टा नीट बसलाय का ते ओढून बघितलं, आणि गाडी सुरू केली.