बाकावरचा बुशैब

साफीच्या बंदरामागच्या गल्लीत कुणालाही विचारा, बुशैब कोण, तर आधी हसतील आणि मग म्हणतील, "बाकावरचा?" माणूस चार देश पालथे घालून आला, तरी गल्लीनं ठेवलेलं नाव काही पुसलं जात नाही.

तसं नाव अगदीच खोटं नव्हतं. बुशैब फुटबॉलमधला गोलरक्षक, आणि संघात गोलरक्षकाला जागा एकच. पुढे पळणारे दमतात, लंगडतात, बदलले जातात. गोलातला मात्र ठाण मांडून उभा असतो आणि दुसरा बाहेर बाकावर बसून त्याच्या तब्येतीकडे बघत राहतो. विशीत बुशैब ट्युनिशियात गेला, स्फाक्सला. तिथला पहिला गोलरक्षक इतका धडधाकट, की अख्ख्या हंगामात त्याला साधी शिंक आली नाही. मग लिबिया. तिथे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके सामने मिळाले आणि गोळीबार सुरू झाला, स्पर्धाच गुंडाळली. पुढे कुवेत, पुन्हा बाक, तोही तापलेला. जॉर्डनमध्ये झर्काच्या एका छोट्या क्लबातून तो खरोखर खेळला, आणि फार चांगला खेळला. पण ते सामने टीव्हीवर दाखवत नसत. नशीब म्हणतात ते असं असतं.

टीव्हीवर तो दिसला एकदाच, कुवेतला असताना. त्याचा बाप अल्लाल, सार्डिन मासळीच्या बोटींवर जन्म काढलेला माणूस, त्या दिवशी कॅफेत सगळ्यांना पुदिन्याचा चहा पाजून पुढच्या खुर्चीवर बसला होता. सामना संपत आला तरी पोराचा पत्ता नाही. आणि मग कॅमेरा एकदाच बाजूला फिरला: बुशैब बाकावर बसून सूर्यफुलाच्या बिया सोलत होता.

"दिसला! दिसला!" अल्लाल ओरडला.

कॅफे हसून हसून लोळला. "काय अल्लाल, पोराला बिया खायचा पगार मिळतो होय?"

नाव पडलं ते त्या दिवशी. अल्लाल त्यानंतर कधी कॅफेत सामना बघायला बसला नाही. मात्र "माझा पोरगा गोलात उभा राहतो" हे म्हणणं त्यानं सोडलं नाही. कुणी डोळे मिचकावले तरी म्हणत राहिला. बुशैबला हे फोनवर कळायचं आणि फार लागायचं. गल्ली हसते त्याचं त्याला एवढं नव्हतं. बाप आपल्यासाठी हसू झेलतो, हे सलत होतं.

छत्तिशीत गुडघ्यांनी हात टेकले. ओमानमधल्या सलालाच्या एका क्लबानं बोलावलं, पण खेळायला नाही. पोरांना गोलरक्षण शिकवायला. गळ्यात शिट्टी अडकवायची आणि बाजूला उभं राहायचं. जाण्याआधी बऱ्याच वर्षांनी रमजान घरी मिळाला. बुशैबच्या मनात एकच होतं: बापानं एकदा, फक्त एकदा, आपल्याला गोलात उभं राहिलेलं पाहावं.

रमजानात साफीत गल्ल्यागल्ल्यांची स्पर्धा असते. दुपारच्या नमाजानंतर सुरू, सूर्यास्ताच्या आत खलास. सार्डिनच्या कारखान्यामागचं धुळीचं मैदान, आणि रंग उडालेली दोन-दोन पिंपं हेच गोलाचे खांब. बुशैब संघाच्या कप्तानाकडे गेला. कप्तान म्हणजे लारबी न्हावी.

"लारबीभाऊ, यंदा गोलात मी उभा राहतो."

लारबीची कात्री थांबली नाही. "आणि मिलूद?"

"मिलूद भट्टीवर गल्लीच्या भाकऱ्या भाजणारा. माझा धंदाच हा आहे."

"धंदा तू बाहेरदेशी कर. गल्लीसाठी दरसाल मिलूद उभा राहिला, तेव्हा तू कुठं होतास? राखीव म्हणून ये. सवय आहेच तुला."

टॉवेलाखालचं गिऱ्हाईक खुदकन हसलं. बुशैबला राग आला, पण लारबी चुकीचं बोलत नव्हता हेही त्याला कळत होतं. दुसऱ्या दिवसापासून तो रोज मैदानावर जाऊन मिलूदवर चेंडू मारू लागला, अंग मोकळं करून देऊ लागला. जिथं जिथं बाकावर बसला, तिथं त्यानं हेच केलं होतं.

"दादा, खरं म्हणजे तूच उभा राहायला पाहिजेस," मिलूद म्हणायचा.

"बडबडू नकोस. गुडघे वाकव."

गल्ली अंतिम सामन्यापर्यंत पोचली. समोर कुंभारटेकडीची पोरं. दुसऱ्या दिवशी पहाटे बुशैबची कॅसाब्लांकाची बस होती आणि तिथून विमान. सकाळी अल्लाल दारात जाळं सांधत बसला होता.

"खेळणार आहेस का आज?"

"राखीव आहे, बा."

"हं," अल्लाल म्हणाला आणि सुईत दोरा ओवू लागला. मैदानावर येतो असं काही तो बोलला नाही. बाकावर बसलेला पोरगा त्यानं एकदा पाहिला होता, पुन्हा बघायची छाती नव्हती.

रमजानातला शेवटचा तास म्हणजे ना सिगारेट, ना कॉफी, आणि प्रत्येकाच्या नाकावर राग. त्यात कुंभारांचा एक चेंडू पिंपाच्या आतून गेला की वरून, यावर दोन्ही गल्ल्या भिडल्या. एकमेकांच्या आज्यांपर्यंत पोचल्या. पंच झालेल्या निवृत्त मास्तरांनी गोल द्यावा, तर लारबी आडवा. न द्यावा, तर कुंभार आडवे. शेवटी गोल दिला, बरोबरी झाली, पण भांडणात वेळ निघून गेला. ऊन भिंतीवर चढलं. मास्तर म्हणाले, पेनल्टी मारा आणि आटपा.

तेवढ्यात डोक्यावर भाकऱ्यांची फळी, पायात सपाता, असा अल्लाल धापा टाकत मैदानात शिरला.

"मिलूद! अरे मिलूद! भट्टीवर मेव्हण्याला बसवलंस, तो घोरतोय! भाकऱ्या करपल्या सगळ्या!"

मिलूद पांढराफटक पडला. गल्ली खाल्लेला गोल माफ करते. रमजानातली करपलेली भाकरी सात पिढ्या उगाळते. त्यानं हातमोजे काढून बुशैबच्या हातात कोंबले आणि जो पळत सुटला तो दिसेनासाच झाला.

लारबीनं आभाळाकडे पाहिलं. "जा रे बाबा. उभा राहा."

बुशैब दोन पिंपांच्या मध्ये जाऊन उभा राहिला. गुडघे वाकवले, हात पसरले. अल्लाल फळी उतरवून रेघेपाशी थांबला होता, एकटक बघत. कुंभारांच्या पोरानं चेंडू ठेवला, चार पावलं मागे गेला.

आणि सूर्यास्ताचा भोंगा झाला.

मग कसला चेंडू आणि कसली पेनल्टी! मास्तरांनी खिशातला खजूर तोंडात टाकला, "उद्या!" म्हणाले आणि निघाले. कुंभार टेकडीकडे, गल्ली गल्लीकडे. क्षणात मैदान रिकामं. चेंडू होता तिथेच राहिला. उद्या या वेळी बुशैब विमानात असणार होता. त्याला हसू येत होतं. हात अजून पसरलेलेच होते.

अल्लाल जवळ आला आणि त्यानं पोराच्या हातावर खजूर ठेवला. "बिस्मिल्ला म्हण. खा."

"बा, भाकऱ्या करपल्या म्हणालास ना?"

अल्लालनं फळीवरचं फडकं उचललं. भाकऱ्या खरपूस, छान भाजलेल्या. "कधीच निघाल्यात. मेव्हणा जागा आहे, बिचारा घामानं न्हालाय."

"रोजा असताना खोटं बोललास?"

"बोललो. रोजा तुटला असेल तर तुटू दे. सण झाला की एक दिवस जास्तीचा धरीन." अल्लालनं सपाता काढून बाजूला ठेवल्या. "तू बडबडू नकोस. हो जागेवर."

"बा, आई वाट बघत असेल."

"तिनं जन्मभर बोटींची वाट बघितलीय. हो जागेवर म्हणतो ना!"

म्हाताऱ्यानं चार पावलं मागे जाऊन, धावत येऊन चेंडू हाणला. भलता जोर निघाला, चेंडू डाव्या पिंपाकडे सुसाट. बाप आहे म्हणून सोडून द्यावा, हे बुशैबच्या मनातही आलं नाही. तो सबंध अंगानं झेपावला, कोपर सोलवटलं, आणि चेंडू बोटांच्या टोकांना लागून बाहेर गेला.

"नालायका! बापाला एक तरी घालू द्यायचास!"

"घालून दाखव ना."

अल्लालनं पुन्हा चेंडू ठेवला. मग आणखी एकदा. अंधारून आलं, चेंडू धड दिसेना, कमरेला कळ लागली, तेव्हा कुठे तो थांबला. धुळीनं माखलेल्या पोराकडे पाहून त्याचे डोळे भरून आले आणि त्यानं ते लपवलेही नाहीत.

घरी फातना, बुशैबची आई, कमरेवर हात ठेवून उभी. "कुठं उलथला होतात बापलेक? अख्ख्या गल्लीचं खाऊन झालं. हरीऱ्याचं सार तिसऱ्यांदा गरम करतेय मी! कोण जिंकलं?"

"ते उद्या ठरेल," अल्लालनं वाडग्यावर फुंकर घातली, "पण आपल्या पोरानं एकही आत जाऊ दिला नाही. कुणाचं ऐकून नाही सांगत, मी बघितलंय."