त्या गावठाणात माणसं जास्त का मेली

"मॅडम, हा ठिपका लाल का आहे ते उद्याच्या मीटिंगमध्ये सांगायचंय. एका ओळीत सांगा."

कदमसाहेबांनी नकाशा माझ्या टेबलावर टाकला आणि मास्क हनुवटीखाली ओढून चहा प्यायला लागले. साहेब म्हणजे आमच्या वॉर्डाचे प्रमुख. मी त्याच वॉर्डात साथरोगांचं काम बघणारी डॉक्टर. बोरीवलीच्या आसपासचं एक वॉर्ड ऑफिस, एवढंच सांगते. कुठलं ते विचारू नका, आता कोणाचं उणंदुणं काढायची ताकद नाही. कोविडचं पहिलं वर्ष होतं. नाहूरच्या घरी मी फक्त अंघोळीला आणि झोपायला जायचे, आणि झोपेचंही काही खरं नव्हतं.

नकाशात लाल झालेलं होतं ते खाडीच्या बाजूचं जुनं गावठाण. मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांची कौलारू घरं, मधे एक क्रूस, पुढे चर्च, चर्चच्या मागे दफनभूमी. एका अंगाला मोठे टॉवर, दुसऱ्या अंगाला नाला आणि नाल्यापलीकडे झोपडपट्टी. साथ तिन्हीकडे पोचली होती. पण वस्तीच्या मानानं माणसं मरत होती ती गावठाणात. नाल्यापलीकडे एका खोलीत आठ-आठ जण, तिथं कमी. अंगणात नारळ आणि जास्वंद असलेल्या हवेशीर घरांत जास्त.

कारणं प्रत्येकाच्या खिशात तयार होती. एक इंजिनीअर म्हणाला, "दारू, मॅडम. दुसरं काय?" एकाला झोपडपट्टीवाल्यांच्या इम्युनिटीचं भारी कौतुक. तिसऱ्यानं टीव्हीवर काहीतरी ऐकलं होतं, तो जनुकं, जीन्स म्हणत होता. अमुक देशात इतकी माणसं का मेली आणि शेजारच्या देशात का नाही, यावरही हीच मंडळी अशीच छातीठोक बोलायची. मी इतकी दमले होते की वादही घालवत नव्हता. पण साहेबांच्या डोक्यात गावठाण सील करायला भोवती ठोकलेले पत्रे आणखी घट्ट करायचं चाललं होतं, आणि पत्र्यांनी माणसं मरायची थांबणार नव्हती. म्हणून बसले आकडेमोडीला.

मृत्युदर म्हणजे शाळेतला साधा अपूर्णांक. वर मेलेली माणसं, खाली एकूण माणसं. लोक नेहमी वरच्या आकड्याकडे बघतात. घोटाळा बऱ्याचदा खालच्यात असतो. या गावठाणातली तरुण पोरं कुणी आखातात, कुणी कॅनडात, कुणी मीरा रोडच्या फ्लॅटमध्ये. मागच्या खोल्यांतली भाडेकरू मुलं आमच्या आकड्यात नव्हतीच. उरले कोण? म्हातारे आणि म्हाताऱ्या. हा आजार म्हाताऱ्यांना गाठतो. कॉलेज आणि वृद्धाश्रम यांच्या मृत्युदराची तुलना करून कोणी वृद्धाश्रमाच्या हवेला दोष देतं का? देशादेशांच्या तुलनेतही निम्मी गंमत हीच असते. नाल्यापलीकडची वस्ती तरुण होती. शिवाय तिथले आजारी म्हातारे लॉकडाऊन लागताना गावी गेले, आणि त्यातले जे वारले ते तिकडच्या आकड्यात गेले.

तर आधी वयाचा फरक काढून टाकायचा. म्हणजे तिन्ही ठिकाणी म्हातारे सारख्याच प्रमाणात असते तर काय झालं असतं, असा हिशेब करायचा. तो केला. ठिपक्याचा लाल रंग बराच उतरला, पण पुरता गेला नाही. शेजारच्या टॉवरमधल्या सत्तरीच्या माणसापेक्षा गावठाणातला सत्तरीचा माणूस जास्त मरत होता. कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. हॉस्पिटलचे कागद सांगत होते की टॉवरवाले चालत येतात आणि गावठाणवाले शेवटच्या धापेला. पण उशिरा का येतात, हे कागद सांगत नव्हते. हॉस्पिटल दोघांनाही सारखंच जवळ होतं.

"साहेब, मी जाऊन बघते."

"एका ओळीत पाहिजे होतं मला."

"ओळच आणायला चाललेय."

गावठाणात घरोघर ऑक्सिजन तपासायला आमची आरोग्यसेविका सुनंदा जायची. तिला सोबत घेतलं. ती म्हणाली, "मॅडम, इथं कोणी आजारीच नाही. जे म्हातारे दिसत नाहीत ते वसईला गेलेत."

"सगळे?"

"प्रत्येक घरात तेच सांगतात."

ट्रेन बंद, नाक्यानाक्यावर पोलीस, गल्लीच्या तोंडाला पत्रे. आणि म्हातारी माणसं वसईला. मला हसावं की रडावं कळेना.

पाचसहा घरं झाल्यावर फिलूआंटीचं घर आलं. फिलोमिना तिचं नाव, गावठाणात सगळे फिलूआंटी म्हणतात. साठी उलटलेली, ठसठशीत बाई, दारातच उभी राहिली.

"अंकल कुठायत, आंटी?"

"वसईला. लेकीकडं."

"कसे गेले?"

"गेले. रिक्षानं."

तेवढ्यात आत कोणीतरी खोकलं. एकदा नाही, ढास लागल्यासारखं. फिलूआंटीनं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. मग ती दारातून बाजूला झाली.

तिचे यजमान पास्कलअंकल मागच्या खोलीत खुर्चीत बसले होते. बोलत होते, चहा मागत होते. या आजाराची ही एक वाईट खोड. रक्तातला ऑक्सिजन खाली गेला तरी माणूस ठीकठाक दिसतो आणि मग एकदम कोसळतो. बोटाला लावलेलं यंत्र मी पुसून पुन्हा लावलं. आकडा तसाच खाली.

"अंकल, आत्ताच्या आत्ता अ‍ॅडमिट व्हावं लागेल."

"मना नाय जावाचा."

"अहो, जीव जाईल."

"जाव दे. घरान जाईल." त्यांनी दम घेतला. "माजा भाव जाळला तुमी."

खरं होतं ते. साथीच्या सुरुवातीला अंकलचे मोठे भाऊ हॉस्पिटलात गेले आणि तिथंच वारले. घरचे सगळे क्वारंटाइन सेंटरमध्ये. तेव्हा दफनाला परवानगी नव्हती. शववाहिनी नेहमीच्या रस्त्यानं स्मशानात गेली आणि त्यांचं दहन झालं. ज्या घराण्यात आजवर प्रत्येकाला चर्चमागच्या मातीत ठेवलं, त्या घरातला थोरला मुलगा धूर होऊन गेला. राखसुद्धा हाती आली नाही. गावठाणानं त्यावरून एकच गोष्ट ध्यानात ठेवली: हॉस्पिटलात गेलं की जाळतात. त्या दिवसापासून माणसं वसईला जायला लागली.

मी अंगणात आले आणि साहेबांना फोन लावला.

"साहेब, दफनाची परवानगी आहे ना आता? त्यांच्या स्वतःच्या जागेत?"

"कधीच झाली. सर्क्युलर काढलंय."

"लोकांना कुठं कळवलं?"

"बोर्डावर लावलंय की."

"कुठल्या बोर्डावर?"

"आपल्या. ऑफिसच्या."

"साहेब, गावठाण आपणच सील केलंय. आपल्या ऑफिसात येऊन बोर्ड वाचणार कोण?"

नियम बदलला, सहीशिक्क्यानिशी बदलला, आणि आमच्याच जिन्याजवळ टाचणीला लटकत राहिला. तेवढ्या काळात किती घरांच्या मागच्या खोल्यांत काय झालं असेल, हे मला मोजायचं नव्हतं. चीड आली. पण चिडायलाही अंगात जोर लागतो.

"तुम्ही इथं या," मी म्हटलं. "माझ्यावर विश्वास ठेवणार नाहीत."

"मॅडम, मला मीटिंग आहे यार."

"मग त्या मीटिंगमध्ये अजून एक मृत्यू सांगा. आत बसलाय तो."

कदमसाहेब वाईट माणूस नव्हते. आले. चर्चचे फादरही आले. क्रूसापाशी दोघं अंतर ठेवून उभे राहिले, लोक खिडक्यांतून आणि ओट्यांवरून बघत होते. साहेबांनी खिशातून सर्क्युलर काढलं आणि वाचायला लागले, "पार्थिवाच्या अंत्यविधीबाबत सुधारित कार्यपद्धतीनुसार..." एकाही चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. फादर हळूच म्हणाले, "साहेब, साधं सांगा ना."

साहेबांनी कागदाची घडी केली. "तुमचं माणूस गेलं तर इथंच आणू. चर्चच्या मागं. माझा शब्द आहे."

पास्कलअंकल भिंतीला धरून खिडकीपर्यंत आले होते. "शब्द तुमचा. गाडी दुसऱ्याची." मग माझ्याकडे बोट केलं. "ही बाय गाडीन बसंल काय?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. डॉक्टरनं पेशंटला बरं करण्याचा शब्द द्यायचा असतो. इथं माणूस माझ्याकडून मेल्यानंतरचा शब्द मागत होता, आणि तो मिळाला तरच जगायचा प्रयत्न करणार होता.

"बसेन," मी म्हटलं.

अंकलनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि चालत अँब्युलन्सपर्यंत गेले. फिलूआंटीला सोबत जाता येणार नव्हतं. ती त्यांना म्हणाली, "नीट ऱ्हा. डाक्टरांशी भांडू नको." बास, एवढंच.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी मला विचारलं, "इतक्या उशिरा का आणलंत?" काय सांगणार? पहिले काही दिवस अंकल फोनवर बोलले. मग बोलणं बंद झालं. मग एका सकाळी फोन आला.

वाचतील अशी मी मनातून आशा धरून बसले होते. इतके मृत्यू बघूनही धरली होती, हे त्या फोननंतर कळलं. शवागाराबाहेरच्या पायरीवर बसून रडले. मग तोंड धुतलं आणि शववाहिनीत ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसले.

"मॅडम, तुम्ही कुठं?" ड्रायव्हर दचकला.

"गावठाणात. चर्चला."

"नाही हो, सगळे तिकडं स्मशानात जातात. मला तसंच सांगितलंय."

कागद दाखवला. ऐकेना. त्याचंही बरोबर होतं, त्याला दिवसभर फेऱ्या मारायच्या होत्या आणि ओरडणारे दहाजण डोक्यावर. मी साहेबांना फोन लावून त्याच्या हातात दिला. साहेब काय म्हणाले ते लिहिण्यासारखं नाही. गाडी वळली.

त्या दिवशी मी नसते तर गाडी कुठं गेली असती, हा विचार आजही नको वाटतो. सर्क्युलर होतं, साहेबांचा शब्द होता, आणि तरी सवयीनं गाडी स्मशानाकडेच निघाली होती.

चर्चमागे खड्डा तयार होता, त्यांच्या आईच्या शेजारी. फादरनी लांबून प्रार्थना म्हटली. पीपीई किट घातलेल्या चार माणसांनी अंकलना खाली सोडलं. गल्लीतली माणसं कंपाउंडच्या भिंतीपलीकडे अंतराअंतरानं उभी होती. कोणी मोठ्यानं रडलं नाही. सगळे बघत होते. खरंच उतरवतात का, खरंच माती लोटतात का, डोळ्यांत तेल घालून बघत होते. फिलूआंटी फाटकापाशी होती. मी जाताना म्हणाली, "आणलास गो बाय." मी नुसती मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सुनंदाचा फोन. "मॅडम, टेस्टची किट कमी पडतायत. लवकर पाठवा."

झालं होतं असं की फिलूआंटी स्वतः मास्क लावून गल्लीत उतरली होती. सुतकातली बाई एकेका ओट्यासमोर उभी राहायची आणि आत हाक मारायची. "माजा माणूस आणला त्यांनी. बघितलास ना डोळ्यांनी? मग तुजा कशाला कोंडून ठेवलास? काढ भाईर." नाही कोण म्हणणार तिला? आपल्या जावेला तर तिनं हाताला धरून टेस्टला आणलं. मागच्या खोल्यांतून म्हातारी माणसं उन्हात यायला लागली. कोणाला साधा ताप, कोणाचा ऑक्सिजन नुकता घसरायला लागलेला. हीच ती वेळ, ज्या वेळी आमच्या हातात काहीतरी असतं. त्यातली बहुतेक घरी परत आली.

ठिपक्याचा रंग एकदम बदलला नाही. आधी तर रुग्णांचा आकडा वाढला, कारण लपलेले आता मोजले जात होते, आणि साहेबांना वरून बोलणी खावी लागली. मग मृत्यू उतरले. पुढच्या एका मीटिंगमध्ये, जिथं मी मागच्या खुर्चीवर बसल्याबसल्या पेंगत होते, वरच्या अधिकाऱ्यांनी त्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

"इथं चांगलीच इम्प्रूव्हमेंट दिसतेय. कदम, काय केलंत?"

साहेबांनी समोरचे कागद उगाच चाळले. मग म्हणाले, "एक माणूस नीट पुरला, साहेब."

मी जागी झाले. अधिकाऱ्यांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "हे मिनिट्समध्ये कसं लिहायचं?"

मिनिट्समध्ये 'प्रभावी जनजागृती' असं आलं. शेजारच्या वॉर्डानं ते वाचलं आणि पोस्टर छापायला टाकली.