वांग्यांना पाणी पाजणारा देव

माझ्या नणंदबाई सुभद्राबाई जानेफळला भाजीपाला पिकवतात. डिझेल इंजिन विकून त्यांनी सरकारी योजनेतला सौरपंप बसवला, तोवर वांग्यांनी माना टाकल्या होत्या. पंप सुरू करण्याआधी त्यांनी सोलरच्या प्लेटांची पूजा केली आणि त्यांच्यावर मानाचं हिरवं लुगडं पांघरलं. पंप काही चालेना.

"अवं, उन्हालेच घुंगट घातला तू," शालिग्रामभाऊजी बायकोला म्हणाले.

लुगडं काढताच पाणी उसळलं. धूर नाही, धडधड नाही.

मी म्हटलं, "सन दोन हजार सत्तरपर्यंत देशाचं कर्बउत्सर्जन निव्वळ शून्यावर आणायचं सरकारनं ठरवलंय. त्यातलंच हे."

सुभद्राबाई धारेखाली हात धरून वर सूर्याकडे पाहत राहिल्या.

"एवढा मोठा देव, वहिनी," त्या हळूच म्हणाल्या, "अन् माह्या वांग्याले पाणी पाजून राह्यला."