दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं

दादा फौजेतून परत आला तेव्हा मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. बांगलादेशची लढाई संपून वर्ष होत आलं होतं. तो फौजेत ट्रक चालवत असे. अंगावर ओरखडाही नव्हता, त्यामुळे हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात, दतिया गेटच्या आमच्या गल्लीतले लोक आईला म्हणायचे, देवी की किरपा समझो. आई दर शुक्रवारी लक्ष्मी तालाच्या काठी महालक्ष्मीच्या देवळात जाई. दादाला चल म्हटलं की तो चपला घाली, दारापर्यंत येई आणि परत फिरे. कारण सांगत नसे, आणि आई विचारत नसे.

काही महिन्यांनी तो रेल्वे इंजिनांच्या लोको शेडमध्ये लागला. तिथे एक म्हातारे अँग्लो-इंडियन ड्रायव्हर होते. ते बायकोसह कायमचे ऑस्ट्रेलियाला लेकीकडे निघाले, तेव्हा दादाने आठवडाभर त्यांचं सामान खोक्यांत भरून दिलं. जाताना त्यांनी आपला रेकॉर्ड प्लेअर आणि दहा-बारा रेकॉर्डी त्याला दिल्या. त्यातली एकच दादाने वाजवली. बाकीच्या तशाच राहिल्या.

ती एका अमेरिकन काळ्या गायकाची होती. कव्हरवर तो एका विटांच्या घराच्या पायरीवर बसलेला, आपल्याकडे न बघता. एका गाण्यातून दुसरं गाणं निघे, मध्ये थांबायला जागाच नसे. मागे बायका-पुरुष मिळून साथ देत. आईला ते कुठल्या तरी पंथाचं भजनच वाटे. स्वयंपाकघरातून ती म्हणे, आवाज चांगला आहे गं, पण मनुष्य दुःखी दिसतो.

दादाचं इंग्रजी हुकूम पाळण्यापुरतं होतं. एका रविवारी दुपारी त्याने मला बोलावलं आणि म्हणाला, तू इंग्रजी शिकतेस ना, हा काय म्हणतोय ते सांग. मी शब्दकोश आणि वही घेऊन बसले. तो दोन ओळी वाजवी, सुई उचले, माझ्याकडे बघे. कॉलेजात आम्हाला फुलं, कोकिळा आणि राजे शिकवत होते. इथे हा माणूस सांगत होता, आमच्या मोहल्ल्यात पोरांना काम नाही. कारखान्याने नदी नासवली. पोलीस आमच्याच मुलांना मारतात. लढाई कुणाला हवी होती, ते मला कुणी सांगा. तो रागावून सांगत नव्हता. घरातलं आजारपण सांगावं, तसं हळू आवाजात सांगत होता. मी अडखळत मराठी करी आणि दादा मान खाली घालून ऐके. फौजेतून आल्यापासून तो इतका वेळ एका जागी बसलेला मी पाहिला नव्हता. पुढच्या रविवारची मी वाट बघू लागले.

चार-पाच रविवारांत आम्ही दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्याशी पोचलो.

त्या गाण्यात एक शिपाई घरी परत आला आहे. बरोबर गेलेला त्याचा मित्र आलेला नाही. मित्राची आई रोज गल्लीच्या तोंडाशी उभी असते. ती काही विचारत नाही. तिला पाहिलं की शिपाई रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने जातो. शेवटी गायक गाणं सोडून नुसतं बोलतो, आई, मी पलीकडून गेलो.

मला ते पहिल्याच वेळी कळलं. कारण आदल्या वर्षी गुरसराय या गावाहून आलेलं एक पत्र मीच दादाला वाचून दाखवलं होतं. गुरसरायचा एक मुलगा दादाच्या तुकडीत होता. एके दिवशी दादाला ताप भरला, म्हणून त्याची गाडी त्या मुलाने नेली. ती परत आली नाही. दादा शोधायला गेलेल्यांबरोबर गेला, तेव्हा सगळं संपलेलं होतं. एवढं त्याने एकदाच, भिंतीकडे तोंड करून मला सांगितलं होतं. पत्र त्या मुलाच्या आईने कुणाकडून तरी लिहवून घेतलं होतं. तिला एवढंच हवं होतं की मुलाला शेवटी पाणी मिळालं की नाही. दादाने पत्र खिशात घातलं. उत्तर गेलं नाही.

त्या दुपारी त्याने सुई उचलली आणि विचारलं, "हे काय आहे?"

मी वहीत बघत म्हटलं, "हे प्रेमाचं आहे. त्याच्या आवडीची मुलगी दुसऱ्या गावी गेली, म्हणून वाट बघतो."

दादा हं म्हणाला. मी पान उलटलं. पण त्यानंतर तो तेच गाणं सगळ्यांत जास्त वाजवू लागला. शेडमधून आला की हात-पाय धुऊन आधी ते. शेवटचं बोलणं सुरू झालं की मी काही तरी काम काढून गच्चीवर जाई. आवाज तिथेही येई. माझा खोटेपणा रोज मला ऐकावा लागे, आणि तो दादासाठी होता की माझ्यासाठी, ते मला ठरवता येत नव्हतं. त्याला पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसलेला मला बघायचा नव्हता, हे मात्र खरं.

असं वर्षभर चाललं. मग एका थंडीत, शनिवारी, त्याने सांगितलं की उद्या गुरसरायला जायचं आहे, तू बरोबर ये.

सकाळच्या बसने निघालो. शेतांवरचं धुकं विरलं तेव्हा मीच म्हटलं, "त्या गाण्याचा अर्थ मी खोटा सांगितला होता."

"माहीत आहे," दादा म्हणाला. "मदर एवढं इंग्रजी मला येतं." मग म्हणाला, "तू झाकलंस तेव्हा मला बरंच वाटलं. मीही झाकलेलं राहू दिलं."

घर विचारत विचारत सापडलं. दारात त्या मुलाची वहिनी आली, माझ्याहून पाच-सात वर्षांनी मोठी असेल. दादाने नाव सांगितलं. तिने ते ऐकलेलं होतं, मुलाच्या पत्रांतून. अम्मा कुठे आहेत, असं दादाने विचारलं. ती म्हणाली, अम्मा तर कातिकमध्ये गेल्या. म्हणजे दोन महिन्यांपूर्वी. कुणी खाकी कपड्यांतला बसमधून उतरला की अम्मा त्याला घरी बोलावून पाणी पाजायच्या, बसवून ठेवायच्या, हेही तिनेच सांगितलं.

मला वाटलं, दादा आता उठेल. तो उठला नाही. खाटेवर बसून त्याने सगळं सांगितलं, ताप, गाडी, ती जागा खरं तर त्याची स्वतःची होती, सगळं. वहिनी पदर ओढून उभी होती. मध्ये एकदाही तिने अडवलं नाही. तो थांबल्यावर तिने तेवढंच विचारलं, जे अम्मांनी पत्रात विचारलं होतं.

"पानी मिला था?"

दादाने माझ्याकडे पाहिलं नाही. "नहीं, भौजी," तो म्हणाला. "हम देर से पहुँचे।"

ती चुलीकडे वळली. मग म्हणाली, "अच्छा हुआ, अम्मा नहीं रहीं।"

तिने आम्हाला जेवू घातलं. ज्वारीची रोटी आणि बथुआची, म्हणजे आपल्या चाकवताची भाजी. निघताना दादा तिच्या पाया पडला, तिने पाय मागे घेतले नाहीत. ते वाक्य तिने आमच्यावर दया म्हणून म्हटलं की आरोप म्हणून, हे मला त्या दिवशी कळलं नाही. पुढे पुष्कळदा मी ते मनात वेगवेगळ्या सुरांत म्हणून पाहिलं. मी वर्षापूर्वी खरं सांगितलं असतं, तर दादा कदाचित अम्मा असताना गेला असता. पण मग त्या बाईला 'नहीं' ऐकावं लागलं असतं. या दोन्हींतलं कमी वाईट कोणतं, ते आज सत्तरी ओलांडल्यावरही मला सांगता येत नाही.

दादा त्यानंतर देवळात यायला लागला. लग्न केलं, मुलगी झाली, शेडमधूनच रिटायर झाला. रेकॉर्ड मात्र त्याने सोडली नाही, तिची खरखर गाण्यापेक्षा मोठी होईपर्यंत. तीन वर्षांपूर्वी तो गेला.

त्याची मुलगी मराठी समजते, बोलते हिंदीत. परवा ती मला गाडीतून दवाखान्यात नेत होती आणि मोबाइलवर तीच गाणी लागली. त्यात खरखर नव्हती. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा मला त्या माणसाचा श्वास ऐकू आला. ती म्हणाली, "आत्या, ये पुराना लगता ही नहीं. लगता है आज का अख़बार गा रहा है।" तिच्या ऑफिसातली मुलंही ऐकतात म्हणे. मला पटलं. पोरांना काम नाही, नदी नासलेली आहे, कुठे ना कुठे लढाई चालू आहे, आणि तो माणूस अजूनही आवाज न चढवता विचारतोच आहे. ओरडला असता, तर एव्हाना आपण त्याला विसरलो असतो.

बोलता बोलता दुसऱ्या बाजूचं ते तिसरं गाणं लागलं. तिला शब्द पाठ होते. शेवटच्या बोलण्याशी मात्र ती गुणगुणायची थांबली आणि समोर रस्त्याकडे बघत राहिली. दादाने तिला गुरसरायचं सांगितलं होतं का, ते मला ठाऊक नाही. विचारायचा धीर मला झाला नाही.