न मिटणारं तोंड

काचेवर काहीतरी टकटकत होतं. बारीक, कोरडा आवाज; थांबायचा, पुन्हा यायचा. उन्हाळ्याची दुपार, लाईट गेलेली, आणि पंखा थांबल्यावर एकाएकी उघड्या पडलेल्या शांततेत तो आवाज मला आतल्या खोलीतून बोलावत होता.

खोलीत काचेची टाकी होती आणि टाकीत माझ्या मुलीचा ॲक्सोलॉटल. पाल आणि मासा यांच्या मधेच कुठेतरी राहून गेलेला पाण्यातला जीव: दुधट अंग, माणसासारखी इवली बोटं, मानेभोवती कल्ल्यांचे लालसर तुरे, आणि पापण्याच नसल्याने कधी न मिटणारे डोळे. शिकायला पुण्याला जाताना मुलीने तो माझ्या हवाली केला. ती गेल्यावर या घरात माझ्याखेरीज हलणारं तेवढंच उरलं होतं.

त्याच्या चेहऱ्यावर कायमचं कोरलेलं हसू आज फाकलं होतं. जबड्यात एक पांढरा गोटा अडकला होता. तो पुढे सरके, गोटा काचेवर आपटे, तो मागे जाई. बंद घरातून कुणी दार वाजवावं तसं.

मी मुलीला फोन लावला.

“आई, ओढू नकोस! जबडा फाटेल त्याचा. आणि पाणी तापू देऊ नकोस, तो जगणार नाही.”

पाणी कोमट होऊ लागलंच होतं. फ्रिजमधली बर्फाची शेवटची बाटली मी टाकीत सोडली आणि खालच्या मजल्यावरच्या थोरल्या जाऊबाईंना हाक मारली. त्या आल्या, वाकल्या, दचकून मागे सरल्या.

“अगं बाई! हे हसायलंय का बोंबलायलंय?”

“अक्का, टॉर्च धरा.”

“धरते की. पर त्येला तिकडं बघाय लाव. माझ्याकडंच बघायलंय मेलं.”

टाकीतलंच पाणी परातीत घेऊन मी ओल्या ओंजळीने त्याला उचललं. तो थंड होता, इतका मऊ की आपण काही धरलं आहे याची खात्री पटेना. आणि त्या मऊपणाच्या तळाशी काहीतरी भराभर धडधडत होतं. रोज गांडूळ भरवताना मी प्लास्टिकचा चिमटा त्याच्या ओठाच्या कडेला टेकवते, की तो आ वासतो. तेवढ्याच सवयीवर माझी भिस्त होती. चिमटा टेकवला. काही नाही. पुन्हा टेकवला. तुरे लोंबू लागले होते.

“खा रे लेकरा,” अक्का पुटपुटल्या. “लय उपास घडला तुला.”

तिसऱ्यांदा त्याने आ वासला, आणि गोटा अलगद परातीत उतरला. तोंड मिटलं. तुरे उभारले, हलू लागले. फोनवर मुलगी रडत रडत हसत होती. मी तिला सांगितलं, तो बरा आहे, तू जेवून घे.

मग मी तो गोटा उचलला.

टाकीतले सारे गोटे गंगाखेडचे. नदीचं पात्र कोरडं पडल्यावर घाटाखालच्या वाळूतून आम्ही मायलेकींनी पांढरे तेवढे वेचून आणले होते. घरी आणून दोनदा उकळले होते, तळाशी हौसेने मांडले होते. हा मात्र तळहातावर असूनही नसल्यासारखा होता. त्याला वजनच नव्हतं. एका बाजूने गुळगुळीत, आणि जिथे तुटला होता तिथे आत असंख्य बारीक छिद्रं, जाळीसारखी. कडेला निळसर काळी, जळकी रेघ.

सबंध जिल्हा आपल्या माणसांची राख, अस्थी घेऊन त्याच घाटावर जातो. आम्हीही गेलो आहोत, एकदा नव्हे.

मी अक्कांकडे पाहिलं. त्यांनीही ओळखलं होतं. झोपलेलं कुणी जागं होईल अशा दबक्या आवाजात, त्यांनी विचारलं,

“कुणाचं?”